ओपन स्पेसमधली टिटवी

आमच्या कॉलनीच्या बगीच्यात एक बगळा आहे. सिमेंटचा. त्याच्या शेजारी सिमेंटचं हरीण आहे, त्याचं एक शिंग बसवतानाच तुटलं. आणि एक जिराफ आहे, जो जिराफ कमी आणि ठिपके काढलेला उंट जास्त दिसतो. मधल्या खांबावर भोंगा लावलाय. सकाळी लोक फिरायला आले की त्यातून पाखरांचा किलबिलाट वाजतो. रेकॉर्ड केलेला. त्यात कोकीळ आहे, पावशा आहे, आणि मधूनच कुठलं तरी परदेशी पाखरू शीळ घालतं, जे बुलडाणा जिल्ह्याच्या आभाळात कधी उडालं असेल असं मला वाटत नाही. लोक त्या आवाजात हात झटकत चालतात आणि निसर्गात आलं की कसं मोकळं वाटतं, असं एकमेकांना सांगतात. मी खिडकीतून हे रोज बघते. पूर्वी हसू यायचं. आता नुसता संताप येतो.

ही खिडकी माझी. तिच्याखाली शिलाई मशीन आहे आणि माझा जन्म तिथं ब्लाउज शिवण्यात गेला. उजेड हवा म्हणून मशीन खिडकीशी, आणि खिडकीसमोर कॉलनीची ओपन स्पेस, त्यामुळे त्या जागेचं जे काही झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. शिवाय आमचे हे कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर सह्या करायची सवय सुटत नाही, तिच्यासाठी समिती लागते. तेव्हा जे डोळ्यांदेखत झालं नाही, ते जेवताना कानावर पडलं.

शेत विकून प्लॉट पाडले की नकाशात एक तुकडा सर्वांसाठी मोकळा सोडावा लागतो आणि तो हिरवा रंगवतात. आमची कॉलनी म्हणजे मुळात ज्वारीचं वावर. त्यातला सगळ्यात खोलगट कोपरा, जिथं पावसाळाभर पाणी साचतं, जो फुकट दिला तरी कोणी घेतला नसता, तोच मालकानं मोठ्या मनानं मोकळा सोडला. मग कॉलनी म्हणाली, मालकानं तो साफ करून द्यावा. मालक म्हणाला, आता तो कॉलनीचा. या भांडणात कित्येक वर्षं गेली आणि त्या जागेला कोणी हात लावला नाही. आमच्या कॉलनीच्या हातून झालेलं हे सर्वांत चांगलं काम. त्यानंतर तसं काही तिला जमलं नाही.

हात न लावलेल्या जागेत काय होतं ते मी पाहिलंय. बांधावरच्या दोन बाभळी आणि एक कडुनिंब आधीपासून होते. पाखरांनी बिया टाकल्या त्यातून बोरी उठल्या, घाणेरीचं रान माजलं, खोलगट भागात लव्हाळा आला आणि बाकी सगळीकडे कंबरेएवढं गवत. गवताला बी धरलं की मुनियांचे थवे उतरायचे, इतक्या हलक्या की काडीवर बसल्या तरी काडी मोडायची नाही. घाणेरीच्या फुलांवर शिंजीर लटकायचे. बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबायची आणि काट्यांमुळे कोणी तिकडे फिरकत नसे. वाळलेली फांदी कोणी तोडली नव्हती, म्हणून तांबटाला भोक पाडायला लाकूड मिळालं. पाचोळा कोणी झाडला नव्हता, म्हणून त्याखाली किडे होते, आणि सातभाईंचा घोळका दिवसभर कचकच करत तो उलथापालथा करायचा. मुंगूस होतं, सरडे होते, सरड्यांवर टपलेला भारद्वाज होता. हे सगळं चारी बाजूंनी सिमेंटचे रस्ते असलेल्या, दुपारी तव्यासारख्या तापणाऱ्या कॉलनीच्या मधोमध. एवढ्याशा तुकड्यावर एवढे जीव पोसले जात होते आणि त्यासाठी कोणी काही करत नव्हतं. मी नावं हळूहळू शिकले. एखाद्या नव्या पाखराचं नाव सापडलं की त्या दिवशी कुणाच्या तरी बाहीचं माप चुकायचं.

कॉलनीच्या लेखी मात्र तो उकिरडा होता. तिथं डास होतात, तिथं पोरं लपून सिगारेट ओढतात, पाहुण्यांपुढं लाज वाटते. शेवटी एकदा धामण निघाली. उंदीर खाऊन जगणारी, कोणाच्या वाटेला न जाणारी धामण. तिला काठ्यांनी मारलं, रस्त्यावर आडवी ठेवून तिचे फोटो काढले आणि संध्याकाळी कॉलनीच्या मंदिरात मीटिंग बोलावली.

मीटिंग म्हणजे आमच्याकडे तीनच माणसं बोलतात. एक आमचे हे. दुसरा आमच्या बाजूच्या घरातला अडत्या, ज्याचं बाजार समितीत धान्याचं दुकान आहे आणि ज्याला वाटतं की जगातली कुठलीही गोष्ट हातात घेऊन दाणा चावला की कळते. तिसरे निवृत्त सर. त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे इतर दोघं जे बोलतील त्याला शास्त्रीय कारण द्यायची जबाबदारी त्यांची. ठरलं असं की बगीचा करायचा. लॉन, चालायला सिमेंटचे गट्टू, व्यायामाची यंत्रं, मुलांना बघायला प्राणी. मी मागं बायकांत बसले होते. मी म्हटलं, बाभळी तरी ठेवा, त्यांवर घरटी आहेत. तर सर हसून म्हणाले, वहिनी, बाभूळ काही बगीच्यातलं झाड नाही. ते खरंच तसं समजत होते.

जेसीबीनं सकाळी सुरू केलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. कडुनिंब वाचला, त्याच्या सावलीत जेसीबी उभा करायचा होता म्हणून. सुगरणीची घरटी अडत्यानं आठवणीनं काढून घेतली आणि त्याच्या दिवाणखान्यात शोकेसवर टांगली. वर मुरूम टाकून रोलर फिरवला. तरीही ती जागा रस्त्यापेक्षा खालीच राहिली, जमीन काही ठराव करून वर येत नाही. पुढचं काम एका पुढाऱ्याच्या निधीवर अडलं होतं, त्यामुळे नुसता तांबडा मुरूम कितीतरी आठवडे उन्हात पडून होता.

याच दिवसांत समितीला पाखरांची दया आली. उन्हाळा कडक आहे, मुक्या जिवांना पाणी ठेवा, असा निरोप ग्रुपवर आला आणि मातीची भांडी वाटली. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव ऑइलपेंटनं. भांडी टांगायला एका कडुनिंबाशिवाय झाड उरलं नव्हतं, म्हणून ती विजेच्या खांबांना टांगली. हातात भांडं धरून सगळ्यांचे फोटो निघाले. आमचे हे मधोमध होते. तो फोटो त्यांनी मला दाखवला, तेव्हा मी म्हटलं, घर पाडून कोणाला ग्लासभर पाणी दिलं तर तो काय म्हणेल? ते म्हणाले, तुझं नेहमीचंच आहे.

आणि अशा त्या उघड्याबोडक्या मुरमावर टिटवी आली.

बाकीच्या पाखरांना जे उजाड वाटलं तेच तिला हवं होतं. टिटवीला झाडावर बसता येत नाही, ती जमिनीवर राहते आणि जमिनीवरच अंडी घालते. घरटं म्हणजे चार खडे गोल मांडलेले. मी मशीनवरून तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नुसतीच मुरमावर बसल्यासारखी दिसत होती. उठली तेव्हा कळलं, खाली चार अंडी आहेत, मुरमाच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची, टोकं आत केलेली. इतक्या मोठ्या नासाडीनंतर त्या जागेला कोणी तरी परत घर म्हटलं, याचा मला फार आनंद झाला. मी कोणाला सांगितलं नाही. आमच्या कॉलनीत चांगली गोष्ट वाचवायची असेल तर ती समितीपर्यंत पोचू द्यायची नाही, एवढं मला तोवर कळलं होतं.

त्या उन्हात ती बाई काय करायची ते सांगते. भर दुपारी मुरूम पायाला चटके देतो, तेव्हा ती अंड्यांवर बसत नसे, पंख थोडे पसरून नुसती सावली धरून उभी राहायची. मग नर यायचा आणि ती उडायची ती आमच्या फाटकापाशी. तिथं नळाच्या पाइपातून पाणी झिरपायचं आणि लहानसं डबकं व्हायचं. त्यात ती पोट टेकून बसायची, चांगली भिजायची, आणि तशीच जाऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. दिवसातून कितीदा तरी. ऑइलपेंटच्या भांड्यांकडे तिनं एकदाही बघितलं नाही. यांनी प्लंबरला बोलावून तो पाइप दुरुस्त करायचं काढलं, तेव्हा मी भांडण करून प्लंबर परत पाठवला. ते चकित झाले, कारण त्या गळतीबद्दल वर्षभर मीच तक्रार करत होते.

पुढाऱ्यानं निधी दिला, उद्घाटनाची तारीख ठरली आणि गट्टू बसवायला मिस्त्री आला. त्यानं दोरी लावायला घेतली तर टिटवी त्याच्या डोक्यावर येऊ लागली. थेट अंगावर, ओरडत, केसांना पंख लागेल इतक्या खाली. त्यानं खाली नीट पाहिलं, अंडी पाहिली आणि लगेच दोरी गुंडाळली. यांना बोलावून तो म्हणाला, साहेब, ये तो पानी की निशानी है. इसको हाथ नहीं लगाते.

तेव्हा एकदम सगळ्यांना आपण शेतकऱ्यांची पोरं असल्याचं आठवलं. टिटवी ओरडली की अपशकुन म्हणून तिला दगड मारणारी हीच माणसं आता तिच्याभोवती हात जोडून उभी राहिली. कॉलनीतला प्रत्येक जण गावाकडे थोडंफार वावर राखून आहे, कोणाचं भाऊ करतो, कोणी ठोक्यानं कसायला दिलंय. आणि आमच्या भागात लहानपणापासून कानावर पडलेलं असतं की टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर पाऊस कमी. तिला म्हणे आधीच कळतं, पाणी कुठवर चढणार ते. सरांनी लगेच शास्त्रीय कारण दिलं, की हवेचा दाब तिला पोटात जाणवतो. पण मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ओपन स्पेस कॉलनीतली सगळ्यात खोलगट जागा आहे. माणसांचे चेहरे उतरले. अंड्यांचा फोटो ग्रुपवर फिरला, त्याखाली हात जोडल्याची चित्रं पडली, आणि गावागावांतून यांना फोन येऊ लागले की यंदा सोयाबीन पेरावं की नाही.

काम मात्र थांबलं, मला तेवढं पुरेसं होतं. कारण कितीही मूर्खपणाचं असो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबले असते तर मी त्यांच्या त्या मूर्खपणाला नमस्कार केला असता. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच धावायला लागतात. फार नव्हतं थांबायचं. मी रोज सकाळी आधी तिच्याकडे बघायची, मग चहा ठेवायची.

पण उद्घाटन डोक्यावर आलं होतं आणि पुढाऱ्याची तारीख पुन्हा मिळणार नव्हती. अशा वेळी डोकं चालतं ते अडत्याचं. तो म्हणाला, अंडी खाली आहेत म्हणून पाऊस कमी, बरोबर? मग अंडी वर नेऊन ठेवा. कामही सुरू होईल आणि पाऊसही चांगला येईल. मीटिंगमध्ये म्हणे सगळ्यांना ते एकदम पटलं. मिस्त्रीलाही पटलं, त्यानं स्वतःचं घमेलं देऊ केलं. कॉलनीतली सगळ्यात उंच जागा म्हणजे मंदिराचा स्लॅब. ठरलं.

हे मला रात्रीच्या जेवणात कळलं. माझा घास हातातच राहिला. घड्याळाचे काटे पुढं केले म्हणून एसटी लवकर येत नाही, हे ज्यांना कळतं, त्यांना हे कसं कळत नव्हतं? मी यांना विचारलं, "तिले समजते म्हनता ना पाऊस कुठवर येनार ते? मंग तिनं पाहून जागा धरली, तं तुम्ही काऊन बदलता?"

"खाली हायेत तं पानी कमी. वर नेले तं जास्त. सोपं हाये," ते म्हणाले. "तुले वावरातलं काय समजते?"

मी म्हटलं की हात लावला की ती अंडी सोडून देईल, उन्हात ती मरतील, जिवंत आहेत ती. ते भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मी ताट सरकवलं आणि सांगितलं की अंड्यांना हात लावला तर मी मंदिरात येऊन सगळ्यांसमोर बोलेन. मग ते नरमले. बरं, उद्घाटन पुढं ढकलतो म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. मी विश्वास ठेवला.

त्या आठवड्यात देऊळगाव राजाला माझ्या भाचीचं लग्न होतं. एरवी मी माहेरी निघाले की यांच्या पोटात दुखतं, यावेळी स्वतःच म्हणाले, हळदीलाच जा, सावकाश ये, स्टँडवर सोडतो. बॅगही यांनीच उचलली. मला वाटलं, परवाच्या भांडणाची भरपाई चाललीय. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही नवऱ्याच्या चांगुलपणाचा संशय येऊ नये, याला काय म्हणावं? हळद झाली, लग्न झालं, मी परतीच्या गाडीत बसले तरी माझ्या मनात काही आलं नाही.

कॉलनीच्या तोंडाशी रिक्षा वळली तेव्हाच तिचा आवाज ऐकू आला. ओपन स्पेसमध्ये अर्ध्याहून जास्त गट्टू बसले होते आणि टिटवी त्यांच्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मिस्त्री डोक्यावर टॉवेल बांधून काम करत होता. ती खाली उतरायची, जिथं तिचं घरटं होतं तिथल्या गट्टूंवर चालायची, थांबायची, पुन्हा उडायची. मी बॅग रस्त्यातच टाकली आणि मंदिराच्या जिन्यावरून वर गेले.

स्लॅबच्या मधोमध घमेलं होतं. त्यात मुरूम, मुरमावर चार अंडी, अंड्यांवर हळदकुंकू. बाजूला फोडलेला नारळ आणि विझलेली उदबत्ती. दुपार होती. मी घमेल्याच्या कडेला हात लावला तर चटका बसला. अंड्याला बोट लावलं, तेही तसंच तापलं होतं. पुढं काही बघायची गरज नव्हती. मी तिथंच स्लॅबवर बसले आणि रडले, मोठ्यानं रडले, मला कोणी ऐकलं तर ऐकू दे असं वाटलं. खालून पुजाऱ्यानं विचारलं, कोण आहे वर?

घरी आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कोनी फेकून नाही देल्ले. चांगली पूजा करून ठेवले, देवाच्या डोक्यावर."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळायलाच तीन दिवस लागले.

टिटवी काही दिवस ओरडत फिरत होती, मग दिसेनाशी झाली. उद्घाटन झालं. पुढाऱ्यानं भाषणात पर्यावरणाचा उल्लेख केला आणि फीत कापली. खामगावहून रोपं आणून कडेनं लावली, एका मापाची, पोपटी, वर्षभर हिरवी राहणारी, ज्यांवर किडा येत नाही म्हणून सरांनी त्यांची फार तारीफ केली. किडा येत नाही तिथं किडे खाणारा कशाला येईल, हे मी विचारलं नाही. लॉनला फुलं नाहीत, बी धरायच्या आत ते कापतात, म्हणून मुनियांना तिथं काम नाही. पाचोळा रोज झाडतात. लव्हाळा आणि चिखल राहिला नाही म्हणून बेडूक नाही. रात्रभर मोठा दिवा जळतो, त्या उजेडात कडुनिंबावरचे होले बिचकून उडतात आणि सकाळी बाकं विष्ठेनं भरली की समिती कडुनिंब छाटायचा ठराव करते. जागा तेवढीच आहे, हिरवी दिसते पूर्वीपेक्षा जास्त. आत मात्र कोणी राहत नाही. मग शांतता खायला उठली, तेव्हा तो भोंगा बसवला.

आता पावसाचं ऐका. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पेरणी वेळेवर झाली, सोयाबीन गुडघ्याला आलं, आणि आमची समिती छाती काढून फिरू लागली. अडत्यानं बाजारात सांगितलं, पाऊस आम्ही आणला. पण शेंगा भरायच्या वेळी पावसानं जो मुक्काम केला तो हलेचना. नाल्यांचं पाणी वावरात शिरलं, सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं. कॉलनीतल्या बहुतेकांचं गेलं, यांच्या भावाचंही गेलं. बगीच्यात पोटरीएवढं पाणी साचलं, सिमेंटचं हरीण पोटापर्यंत बुडालं. मंदिरात पुन्हा मीटिंग झाली. मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल की आपण काय मूर्खपणा केला. अडत्यानं मान वर करून स्लॅबकडे पाहिलं. मग म्हणाला, "आपन जरा जास्तच वर नेले बे. स्लॅब लय उंच झाला."

कोणी हसलं नाही. उलट सगळ्यांना हळहळ वाटली. सरांनी मत दिलं की पुढच्या वेळी ओट्याएवढी मध्यम उंची ठीक राहील.

पुढचा उन्हाळा आला आणि समिती टिटवी शोधू लागली. मी खिडकीतून त्यांना बघायची. तिघं जण वाकून लॉन बघत चालायचे, रोपांच्या बुंध्याशी हात घालून बघायचे, गट्टूंवरून अलगद पावलं टाकायचे, अंडं चिरडू नये म्हणून. हे रोज सकाळी मला विचारायचे की दिसली का, कारण खिडकीशी मी असते. मी म्हणायची, बगळा दिसतो. त्यांना ते झोंबायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. त्यांचा चेहरा खरंच काळजीत असायचा, भावाचं कर्ज डोळ्यांपुढं असणार. त्यामुळे मला धड चिडताही येईना.

मग एक दिवस हे गावाला जाऊन आले. संध्याकाळी आले, जेवले, लवकर झोपले, मला काही बोलले नाहीत. सकाळी मी दुधासाठी फ्रीज उघडला. आमच्या फ्रीजच्या दारात अंडी ठेवायचे खळगे आहेत. घरात अंडी कोणी खात नाही, त्यांत मी लिंबं ठेवते. लिंबं काढून खालच्या कप्प्यात ठेवली होती. खळग्यांत एका ओळीनं चार अंडी बसवली होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची.

मी दार तसंच धरून उभी राहिले. मागून हे आले, दात घासून तोंड पुसत.

"भावाच्या वावरात सापडले काल," ते म्हणाले. "उन्हानं खराब होऊ नाही म्हनून आत ठेवले. आता समिती जमते तिकडे." मग कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाले, "पन या वर्षी मी म्हनलं, तुले इचारल्याबिगर नाही. तुले टिटवीचं समजते. तू सांग, किती वर ठेवू?"

लग्न झाल्यापासून त्यांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं. आज मनापासून विचारत होते, हातात टॉवेल धरून, मी सांगेन तसं करायच्या तयारीत. मी एक अंडं उचलून तळव्यावर घेतलं. रात्रभराच्या थंडीनं ते बर्फासारखं झालं होतं. मी ते त्यांच्या हातावर ठेवलं आणि त्यांची बोटं त्याच्यावर मिटवली, म्हणजे तो गारठा त्यांनाही लागावा.

"आता कितीही वर ठेवा," मी म्हटलं.